गव्हाणीवरची रात्र

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात मला भित्रा म्हणणारी माणसे पुष्कळ आहेत. परंतु त्यांतील एकही जण नुकत्याच व्यालेल्या खिलार गाईच्या आणि तिच्या वासराच्या मधोमध उभा राहिलेला नाही, एवढेच मला नम्रपणे नमूद करावयाचे आहे.

आमची हरणी चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत घेतलेली. ‘लेकरानं शेपटी ओढली तरी मान वळवत नाही,’ असे विकणाऱ्याने सांगितले होते, आणि गाभणपणाचे सुमारे २८० दिवस तिने त्याचा शब्द राखलाही. शेवटी कास उतरली, सड ताठले, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खळगे पडले, तेव्हा रात्रीची राखण मी हौसेने अंगावर घेतली. थंडीसाठी मुलाचे नवे जर्किन चढवले, कपाळाला बॅटरी बांधली आणि अडचण नको म्हणून गाईचे दावेही सोडून ठेवले.

रात्री दोनच्या सुमारास कालवड झाली. तिचे नाकतोंड पुसावे म्हणून मी गोणपाट घेऊन वाकलो, तोच मागून फुरफुरणे ऐकू आले. व्यायच्या वेळी गाईच्या शरीरात ऑक्सिटोसिन वाढते, त्याने कळा येतात आणि वासराविषयीची मायाही दाटते, हे मी वाचले होते; ती माया मागे वळलेल्या हातभर लांब शिंगांतून व्यक्त होते, हे मात्र त्या पुस्तकात नव्हते. मी गव्हाणीवर कसा चढलो, हे मला आजही सांगता येत नाही.

एवढ्यात आमचा कुत्रा मदतीला धावून आला. ताज्या व्यालेल्या गाईपुढे कुत्रा म्हणजे साक्षात लांडगा! हरणीने त्याला अंगणापर्यंत पोचवले आणि परत येऊन पूर्ववत माझ्याखाली उभी राहिली. कुंपणापलीकडून शेजारच्या आप्पांनी ‘सुम्मनिरव्वा, सुम्मनिरव्वा’ अशी कन्नडमधून समजूत घातली, मी मराठीतून हात जोडले. हरणीने दोन्ही भाषांतील विनंत्या सारख्याच तत्परतेने फेटाळल्या. सीमाभागात इतका निःपक्षपातीपणा मी अन्यत्र पाहिलेला नाही.

दरम्यान तिने कालवडीला चाटून कोरडे केले, आणि तासाभरात ती कालवड धडपडत उठून, माझ्या कोणत्याही मदतीवाचून, चीक पिऊ लागली.

पहाटे आई गुळाचा खडा घेऊन आली. तेच रोजचे विटके लुगडे, तीच हाक. हरणीने तिच्या हातातला गूळ खाऊन हातही चाटला.

‘‘हे चकाकणारं काय घातलंयस?’’ आईने वर पाहून विचारले. ‘‘वळखंल कशी ती तुला? आणि बाळंतिणीच्या खोलीत तुझं काय काम रे? स्वतःच्या बायकोच्या वेळी तर ओसरीवर घोरत होतास.’’

मी उतरू लागलो, तर आईने तिथेच थांबवले. जार, म्हणजे गाईची वार, अजून पडायचा होता. तो गाईने खाऊ नये म्हणून कोणीतरी नजर ठेवायला हवी होती, आणि गव्हाणीवरून सगळे नीट दिसत होते. तो सकाळी नऊला पडला.

खरवस झाला तेव्हा आप्पा तांब्या घेऊन हजर झाले. ‘‘आत या की,’’ मी म्हणालो. त्यांनी एकदा गोठ्याकडे पाहिले आणि तांब्या कुंपणावरूनच पुढे केला.