पाय मोडलेला ऱ

"ताई, सॉफ्टवेअर फुकट आहे ना? मग पैसे कसले मागतोय तो?"

आज दुपारी डीटीपीवाल्यांच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणाऱ्यांच्या, ग्रुपवर हे वाचलं आणि चहा हातात तसाच गार झाला. 'तो' म्हणजे आमचं पानं लावायचं मुक्त सॉफ्टवेअर सुट्टीच्या दिवशी दुरुस्त करणारा माणूस. तीन महिने त्याच कामाला बसता यावं म्हणून त्याने सगळ्यांकडे पैसे मागितलेत. मेसेज लिहिणारा माझ्या चांगल्या ओळखीचा. नाशकात शालिमारला त्याचं दुकान आहे, तिथे दोन तास बसून हे सॉफ्टवेअर मीच त्याला बसवून दिलंय. तेव्हापासून त्याचं सगळं काम त्यावरच चालतं. त्याच्या मेसेजखाली चौघांनी हसरे चेहरे टाकले, एकाने नुसतेच हात जोडले. दोनशे बारा माणसांचा ग्रुप आहे. संध्याकाळपर्यंत सहा जणांचे मिळून जमले १,४५० रुपये.

म्हणून लिहायला बसलेय. रागात लिहितेय, प्रूफ तपासणार नाही.

ज्यांना मागचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काही वर्षांपूर्वी मी दुकानातली सगळी क्रॅक, म्हणजे चोरीची, सॉफ्टवेअरं काढून टाकली. तत्त्वबित्त्व काही नव्हतं. एका रात्रीत व्हायरसने दिवाळी अंकाची ऐंशी पानं खाल्ली, म्हणून. मग पानं लावायचं हे मुक्त सॉफ्टवेअर घेतलं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना कळणाऱ्या एकाच पद्धतीत, मराठी टाइप करायचं, कन्व्हर्टरची कटकट नाही, गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं मॅटर तसंच्या तसं उचलायचं. महिनाभर मला वाटत होतं, आपण स्वर्गात आलो.

मग आली ती ओझरच्या लग्नाची पत्रिका. चारशे प्रती, आर्टकार्ड, सोनेरी गणपती. कार्यक्रमात एक ओळ होती, 'वऱ्हाड प्रस्थान : सकाळी ७ वाजता'. स्क्रीनवर सगळं व्यवस्थित. पीडीएफ काढली तर त्यात ऱ चा पाय मोडलेला! आधी व, मग खाली टिंब आणि शेपूट लोंबणारा ऱ, थोडी मोकळी जागा, आणि पुढे 'हाड'. मी प्रूफ स्क्रीनवरच दाखवलं होतं, त्यामुळे चूक माझीच. नवरदेवाच्या काकांनी गठ्ठा काउंटरवर ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "ताई, पाव्हण्यांना बोलवायचंय. तुम्ही तर हाड म्हणताय."

आज हसू येतं. त्या दिवशी चारशे पत्रिका रद्दीत घातल्या आणि माझ्या पैशाने पुन्हा छापल्या.

त्याच रात्री मी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे तोडक्यामोडक्या इंग्रजीत तक्रार लिहून टाकली. दोन दिवसांनी उत्तर आलं. उत्तर देणारा युरोपात कुठेतरी शाळेत गणित शिकवतो. हे काम तो सुट्टीच्या दिवशी करतो, पगार नाही, मानधन नाही. मराठीचं एक अक्षर येत नाही. त्याने विचारलं, हे अक्षर खरं कसं दिसायला हवं? मी वाया गेलेल्याच एका पत्रिकेच्या पाठीवर मार्करने मोठ्ठा 'ऱ्ह' काढला आणि फोटो पाठवला. त्यानेच मला सांगितलं की हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक टिंबवाला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही चालत होत्या, पीडीएफ बनवताना पहिलीची वाट लागत होती. वीस वर्षं मराठी टाइप करतेय मी. हे मला एका गणिताच्या मास्तरने सांगितलं, ज्याला वऱ्हाड म्हणजे काय ते माहीत नाही.

तीन रविवार लागले त्याला. पुढच्या आवृत्तीत ऱ्ह नीट आला. माझ्या एकटीच्या दुकानात नाही हो! कुऱ्हाडे, गोऱ्हे, डोंगरदऱ्या, वाऱ्या, सगळ्यांचं भलं झालं. हसरे चेहरे टाकणाऱ्या त्या चौघांचंसुद्धा.

तर आता तो म्हणतोय, अशा शेकडो तक्रारी साचल्या आहेत, त्यातल्या बऱ्याच आपल्या लिप्यांच्या, आणि रविवार पुरत नाहीत. तीन महिने बिनपगारी रजा घेतो, तेवढ्या काळात घरखर्च निघेल इतके पैसे सगळ्यांनी मिळून जमवा. बुडणाऱ्या पगाराइतकेच मागितलेत, वर एक युरो नाही. आणि आमचा ग्रुप विचारतो, फुकट आहे ना?

फुकट नाही, मुक्त. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, फ्री, म्हणून त्यांना समजावत बसावं लागतं. आपल्याकडे दोन चांगले वेगवेगळे शब्द असून आपल्या कानात शिरतो तो फुकटच.

आणि फुकटाचा हिशेब मला शिकवू नका. आमच्या मंडळाची पावतीपुस्तकं गेली कित्येक वर्षं मी मजुरी न घेता सेट करते. पण कागदाचे पैसे घेते, प्लेटचे घेते, बाइंडिंगचे घेते. मंडळाने कधी विचारलं नाही की ताई, तुम्ही सेवा करता ना, मग कागदाचे पैसे कसले? माझा कागद दिसतो. त्या मास्तरचा कागद म्हणजे त्याचा वेळ, तो दिसत नाही. एवढाच फरक आहे.

आमच्या नाशकातल्या रहाडीचंच, म्हणजे रंगपंचमीच्या हौदाचंच, बघा ना. वर्षभर त्यावरून रिक्षा जातात, हातगाड्या उभ्या राहतात, खाली पेशवेकाळातला दगडी हौद आहे हे नव्या माणसाला सांगितलं तरी पटत नाही. रंगपंचमी आली की गल्लीतली पोरं माती उपसतात, फळ्या काढतात, धुतात, रंग शिजवतात. आपण जायचं आणि धप्पा मारायचा. त्या पोरांच्या चहा-नाश्त्याला आणि रंगाच्या सामानाला गल्ली पैसे काढते की नाही? काढते. रहाड फुकट आहे ना, असं म्हणायची कुणाची छाती नाही जुन्या नाशकात.

माझा भाचा पुण्यात आयटीत आहे. त्याला हे सगळं फोनवर ऐकवलं तर म्हणाला, "मावशी, पैसे टाकले की काम पळतं असं नसतं." आणि मला डेबियनची गोष्ट सांगितली. डेबियन म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी एक मुक्त सिस्टिम, विंडोजसारखी. २००६ मध्ये नवी आवृत्ती वेळेत यावी म्हणून त्यांच्यातल्याच काही जणांनी निधी उभारून दोन माणसांना महिना-महिना पैसे द्यायचं ठरवलं. बाकीचे स्वयंसेवक बिथरले, आम्ही काय वेडे म्हणून फुकट राबतोय? डिसेंबरला यायची आवृत्ती एप्रिल २००७ मध्ये आली.

बरं, असेल. पैशाने माणसं दुखावतात, हे मला मंडळात वीस वर्षं काढल्यावर कुणी पुण्याहून सांगायला नको. पण मग ब्लेंडरचं काय, ते ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर? २००२ मध्ये त्यांची कंपनी बंद पडली होती. एक लाख युरो द्या, सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचं आतलं सगळं लिखाण, खुला करतो, असं ठरलं आणि लोकांनी ते सात आठवड्यांत जमवले. आपल्याकडे ॲनिमेशन शिकणारी कितीतरी पोरं आज त्यावर हात बसवतात. आणि क्रिटा, चित्रं काढायचं सॉफ्टवेअर? २०१४ मध्ये त्यांनी कामाचा वेग वाढवायला म्हणून पंधरा हजार युरो मागितले, त्याहून जास्त मिळाले. भाचा म्हणाला, "ती उदाहरणं वेगळी आहेत." असतील. मी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

एक मात्र त्याने सांगितलं ते डोक्यातून जात नाहीये. एक्सझेड नावाचं एक बारकं सॉफ्टवेअर आहे, फाइली दाबून लहान करायचं. जगभरच्या सर्व्हरांवर असतं. सांभाळणारा एकटा माणूस, तोही बिनपगारी, आणि मनाने थकलेला. २०२२ मध्ये त्याच्यामागे काही लोक लागले, इतका उशीर का, जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती दे. तो बिचारा सांगत होता की हा बिनपैशाचा छंद आहे माझा. मदतीला एक जण पुढे आला, त्याने विश्वास कमावला, आणि मग त्यातच चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये एका इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून तो सापडला.

हे ऐकल्यावर मी जुने ईमेल काढून बघितले. ओझरच्या पत्रिकेनंतर त्या तीन रविवारांत मी मास्तरला दोनदा लिहिलं होतं. "कधी होणार? माझं आणि गिऱ्हाइकांचं नुकसान होतंय." त्याचं उत्तर होतं, माफ करा, गेल्या रविवारी मुलीची स्पर्धा होती. माफी त्याने मागितली होती! आणि मी त्यावर 'ठीक आहे' इतकंच लिहिलं होतं, मालकिणीसारखं. आभार मानलेला ईमेल शोधत होते, तो सापडला नाही. बहुतेक लिहिलाच नव्हता.

त्यामुळे शालिमारवाल्या भावावरचा राग जरा उतरलाय. जरा. पैसे काढ मात्र.

आता कामाचं. सहा जणांनी दिले त्यांची नावं इथे टाकत नाही, त्यांना आवडणार नाही. पण त्यातला एक पोरगा दुसऱ्याच्या दुकानात महिना बारा हजारावर टायपिंग करतो आणि त्याने दोनशे दिलेत. तिघाचौघांनी खासगीत विचारलं की द्यायचेत पण परदेशी कसे पाठवायचे. खरी अडचण आहे. माझे दर महिन्याला कार्डावरून आपोआप परदेशी जायचे ते पैसेही ऑक्टोबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेचे नवे नियम आल्यापासून बंद पडले, आता दर वेळी ओटीपी टाकून पाठवते. तेव्हा कार्डाच्या भानगडीत पडूच नका. मला यूपीआय करा किंवा दुकानात रोख आणून द्या, रविवार कारंजा चौकाच्या बाजूने आलात तर सकाळी दहा ते दीड मी असतेच. शनिवारी रात्री सगळे एकत्र माझ्या कार्डावरून पाठवेन आणि पावतीचा फोटो ग्रुपवर टाकेन. वहीत प्रत्येकाचं नाव आणि रक्कम लिहून ठेवणार आहे. मंडळाची सवय.

ईमेलही आत्ताच पाठवला त्याला, आभाराचा. सोबत त्या ओझरच्या पत्रिकेचा फोटो जोडला, दुरुस्त केलेल्या. 'वऱ्हाड प्रस्थान'वर लाल गोल काढून खाली लिहिलंय की वऱ्हाड म्हणजे लग्नाला निघालेली नवऱ्याकडची सगळी माणसं, आणि नुसतं 'हाड' आपण कुत्र्याला म्हणतो.