‘मेंदूचा चांगला डॉक्टर सांगा’

फॅमिली ग्रुपवर अधूनमधून हा मेसेज येतोच. अर्ध्या तासात नावांचा पाऊस, पण पेशंटला होतंय काय हे कुणी विचारत नाही. मागे अशाच एका यादीत न्यूरोसर्जनही होते आणि मानसोपचारतज्ज्ञही. पेशंट होती फीट येणारी कॉलेजातली मुलगी!

फीट, अर्धशिशी, पार्किन्सन्स, पायाला मुंग्या हे न्यूरोलॉजिस्टचं काम. डिग्री बघा: एमडीनंतर डीएम न्यूरोलॉजी, किंवा त्याच विषयातलं डीएनबी. एमसीएच असेल तर ते सर्जन.

पण डिग्री झाली किमान अट. माझं ठाम मत असं की फीटसाठी डॉक्टर निवडताना एकच बघावं, तो प्रश्न किती विचारतो. भाचीला आधी ज्या नामांकित डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी एमआरआयची फिल्म लाईटसमोर धरली, गोळ्या लिहिल्या, नेक्स्ट. दुसरीकडे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी फाईल उघडलीच नाही. “फीट आली तेव्हा समोर कोण होतं?” वहिनी होती. मान कुठल्या बाजूला वळली, डोळे उघडे होते का, जीभ चावली का, किती वेळाने माणसं ओळखायला लागली, सगळं तिच्याकडून चक्क करून दाखवून घेतलं. पेशंटला स्वतःला बहुतेक वेळा काहीच आठवत नसतं, त्यामुळे निदान उभं राहतं ते बघणाऱ्याच्या सांगण्यावर. फीट येणाऱ्याचाही ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख) नॉर्मल येऊ शकतो. उलट साधी चक्कर येऊन पडलेल्यालाही दोनचार झटके बसू शकतात. म्हणून कांदा नि चप्पल शोधत धावण्यापेक्षा एकाने पेशंटला कुशीवर वळवावं, दुसऱ्याने मोबाईलवर व्हिडिओ काढावा. (तोंडात चमचा घालू नका, प्लीज.)

मुलगी असेल तर अजून एक कसोटी. व्हॅल्प्रोएट या फीटवरच्या औषधामुळे गरोदरपणात बाळाला व्यंग येण्याचा धोका असतो. हे औषध लिहिताना डॉक्टर त्याबद्दल आपणहून बोलतो का? बाईंनी लग्नाचा विषय स्वतः काढला, तेव्हा वहिनी आधी बिचकली आणि मग पहिल्यांदा मोकळेपणी बोलली. अर्थात हे वाचून कुणी गोळी परस्पर बंद करू नका, फीट उलटते.

लकव्याचं गणित मात्र वेगळं. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर डॉक्टर निवडायला वेळच नसतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन. रात्रीही सीटी चालू असलेलं जवळचं हॉस्पिटल कुठलं, हे घरात आजच माहीत हवं.

फीटच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालतात, म्हणून डॉक्टर शक्यतो एसटीने जाऊन संध्याकाळपर्यंत परत येता येईल इतक्या अंतरावरचा बरा. नीट निवडलेली दोन औषधं नियमित घेऊनही फीट थांबत नसेल, तर ऑपरेशनचा विचार होऊ शकतो का, हे त्यालाच विचारा. बेंगळुरूचं निमहान्स, तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा इथे ती ऑपरेशनं होतात. जाताना जुन्या गोळ्यांची नावं नि डोस एका कागदावर लिहून न्या.