डीपीएफच्या गाडीत सीआय-४ तेल का नको : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : डिझेलला १५डब्ल्यू-४०च हवं, ५डब्ल्यू-३० म्हणजे नुसतं पाणी (शेवटचा आकडा गरम तेलाचा जाडपणा सांगतो). डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या तुमच्या गाडीत सीआय-४ (डिझेल इंजिनाच्या तेलाचा एक जुना दर्जा) तेल घातल्यापासून इंजिनाचा आवाज कमी झालाय. टीबीएन (आम्ल मारण्याची क्षमता) जास्त असल्यामुळे ते टिकतंही जास्त. टॉप-अप तर लागतच नाही, उलट डिपस्टिकवर पातळी थोडी वर गेलेली दिसते. म्हणून 'लो-सॅप्स' (राख कमी करणारं तेल) म्हणजे तेल विकणाऱ्यांनी काढलेलं खूळ.

यातली पातळीची गोष्ट तुम्ही जमेच्या बाजूला लिहिलीत. खरं तर तीच सगळ्यात काळजीची आहे, म्हणून आधी तिच्याकडे वळू.

इंजिनातलं तेल आपसूक वाढत नाही. वाढलं म्हणजे त्यात दुसरं काहीतरी उतरतंय. कूलंट असेल तर तेल दुधाळ होतं. तसं नसेल तर ते डिझेल आहे असंच धरून चला. डीपीएफमध्ये साठलेली काजळी जाळायला साधारण ६०० अंश तापमान लागतं. ते गाठण्यासाठी बऱ्याच गाड्यांत पिस्टन खाली जाताना उशिरा जास्तीचं डिझेल फवारलं जातं. त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीला चिकटतं आणि रिंगांवरून खाली संपमध्ये (इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्यात) जातं. पेट्रोल असतं तर गरम तेलातून बरंचसं उडून गेलं असतं, पण डिझेल १८० अंशांच्या पुढे उकळायला लागतं आणि संपमधलं तेल सहसा १०० च्या आसपास असतं. त्यामुळे ते तिथेच राहतं. काजळी जाळण्याचं हे काम, म्हणजे रीजनरेशन (रीजन), अर्ध्यात तुटलं की काजळी तशीच उरते, पुढचं रीजन लवकर सुरू होतं आणि पुन्हा डिझेल खाली येतं. रोज दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर हे चक्र थांबतच नाही. ४० ग्रेडच्या तेलात ५ टक्के डिझेल मिसळलं तरी ते ३० च्या कक्षेत उतरू शकतं. म्हणजे जाड म्हणून घातलेलं तेल आत्ता जाड उरलं असेलच असं नाही. पातळी फार वाढली तर क्रँक तेलात आपटून फेस होतो. त्याहून वाईट म्हणजे तेल ब्रीदरमधून (इंजिनातले वायू बाहेर काढणाऱ्या नळीतून) इनटेकमध्ये ओढलं जाऊन इंजिन स्वतःच्याच तेलावर धावत सुटू शकतं, आणि मग चावी बंद करूनही थांबत नाही.

आता सीआय-४. हा दर्जा २००२ मध्ये ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) असलेल्या इंजिनांसाठी आला. डीपीएफ डोळ्यांसमोर ठेवून केलेला सीजे-४ आला २००६ मध्ये, आणि त्यानंतरचा सीके-४ २०१६ च्या अखेरीस. सीजे-४ पासून सल्फेटेड ॲश १.० टक्क्यावर बांधली गेली. एसीईए या युरोपीय कार कंपन्यांच्या संघटनेच्या सी३ दर्जात ती ०.८ टक्क्यापर्यंतच चालते. सीआय-४ तेलांत साधारण १.३ ते १.५ टक्के असते. ही राख कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक अशा धातूंच्या ॲडिटिव्हमधून येते. काजळी जळून वायू होते, राख जळत नाही. ती फिल्टरमध्ये कायमची बसते आणि कितीही रीजन केलं तरी जात नाही. एक लिटर तेल म्हणजे सुमारे ८५० ग्रॅम. इंजिनाने तेवढं जाळलं तर दीड टक्क्याच्या तेलातून जास्तीत जास्त १३ ग्रॅमच्या आसपास राख तयार होते, ०.८ टक्क्याच्या तेलातून ७ ग्रॅमच्या आत. फिल्टरचं आयुष्य जवळपास निम्म्यावर आणणारा हा फरक आहे. त्याला खूळ म्हणता येत नाही.

टीबीएनचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. इंधनातल्या गंधकापासून होणारं आम्ल मारायला तो लागतो. गंधक शेकडो पीपीएम असेल तर टीबीएन जास्तच हवा. पण १० पीपीएमच्या डिझेलमध्ये मारायला तेवढं आम्लच होत नाही, आणि उरलेलं ॲडिटिव्ह राखेच्याच हिशेबात जातं.

५डब्ल्यू-३० 'पाणी' वाटतं ते डब्यातून ओतताना. बेअरिंगमध्ये काय होतं ते एचटीएचएस सांगतं : १५० अंशांना, जबरदस्त घर्षणाखाली तेल किती जाड राहतं त्याचं माप. १५डब्ल्यू-४० ला ते किमान ३.७ लागतं. सी३ दर्जाच्या ५डब्ल्यू-३० ला किमान ३.५. फरक इतकाच. मात्र सी२ दर्जाच्या ५डब्ल्यू-३० ला २.९ ही चालतं. डब्यावर ठळक अक्षरांत दोन्हीकडे ५डब्ल्यू-३०च छापलेलं असतं आणि आत दोन वेगळी तेलं असतात. म्हणून ग्रेड पाहून डबा उचलू नका. मागची बारीक अक्षरं वाचा, आणि मॅन्युअलमध्ये कार कंपनीची मंजुरी दिली असेल (फोक्सवॅगन ५०७ ००, मर्सिडीज २२९.५१ अशी) तर नेमका तोच आकडा शोधा. 'अप्रूव्हल' लिहिलं असेल तर तेल तपासून मंजूर झालेलं असतं. 'मीट्स रिक्वायरमेंट्स' हा तेल बनवणाऱ्याचा स्वतःचा दावा असतो. टायमिंग बेल्ट तेलात फिरणारी काही डिझेल इंजिनं आहेत, तिथे तर यात जराही सूट घेऊ नये.

आवाज कमी झाला हे मान्य. जाड तेल टॅपेटची टकटक दाबतं. पण आवाज दबला म्हणजे झीज कमी झाली असं होत नाही. थंड इंजिनात टर्बोच्या बेअरिंगपर्यंत तेल पोचायला उलट जास्त वेळ लागतो.

जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या, डीपीएफ नसलेल्या इंजिनांबद्दल मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत. तिथे चांगलं १५डब्ल्यू-४० सीआय-४ प्लस उत्तम चालतं, जास्त खर्चाची गरज नाही.

तुम्ही पुढे लिहिलंत की तेल लवकर काळं पडत नाही तेच चांगलं. डिझेलमध्ये तेल काही शे किलोमीटरमध्ये काळं पडतंच. काजळीचे कण धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. ते काम जमतंय का हे पाहायचं असेल तर गरम इंजिनाच्या डिपस्टिकवरचा एक थेंब आडव्या धरलेल्या फिल्टर पेपरवर टाका आणि काही तास तसाच ठेवा. करडा डाग मधून कडेपर्यंत एकसारखा पसरला तर ठीक. मध्ये डांबरासारखा काळा ठिपका, त्याची कड रेखीव आणि बाहेर जवळजवळ काहीच नाही, असं दिसलं तर डिस्पर्संट (काजळी तेलात पसरलेली ठेवणारं ॲडिटिव्ह) संपलाय. बाहेर रुंद, फिकट, तेलकट कडं उमटलं तर डिझेलचा संशय घ्या.

तुमच्या गाडीसाठी : एकदा असं तेल भरल्याने डीपीएफ तुंबत नाही, घाबरू नका, पण पुढच्या सर्व्हिसची वाटही पाहू नका. सपाट जागी, इंजिन गरम करून बंद केल्यावर दहा मिनिटांनी पातळी बघा. मॅक्सच्या वर असेल तर गाडी न चालवता तेल आणि फिल्टर दोन्ही बदला. फ्लशिंगचं द्रावण घालू नका, त्यातलं थोडं आत उरतं. ड्रेन प्लगचा वॉशर नवा लावा. स्पिन-ऑन फिल्टर असेल तर त्याच्या रबराला तेल चोळा आणि रबर टेकल्यावर हातानेच पाऊण फेरा द्या. मॅन्युअलमधल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी भरा, इंजिन मिनिटभर चालवा, मग पातळी बघून उरलेलं घाला. त्यानंतर आयडल थोडं वाढलेलं, डॅशबोर्डवर त्या क्षणाचं मायलेज घसरलेलं किंवा जळका वास जाणवला तर रीजन चालू आहे असं समजा आणि ते संपेपर्यंत गाडी बंद करू नका. एवढं पाळूनही हजारभर किलोमीटरमध्ये पातळी पुन्हा चढली, तर तेल बदलत बसू नका. इंजेक्टरची गळती आणि डीपीएफचा प्रेशर सेन्सर तपासून घ्या.