आधी कारण कळू द्या, मग बाटली आणा

केस गळायला लागले की लगेच मिनॉक्सिडिल (केस वाढावेत म्हणून डोक्याला लावायचं औषध) सुरू करा, असा केसगळतीवरच्या एका लेखाचा सूर आहे. औषध चांगलंच आहे, पण हा क्रम मला पटला नाही.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. डेंग्यू होऊन गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी माझ्या भाचीचे केस मूठमूठ जायला लागले. त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलं, तापानंतरची गळती आहे, आपोआप थांबेल. रक्त तपासलं, लोह कमी निघालं, त्याच्या गोळ्या दिल्या. मिनॉक्सिडिलची गरजच पडली नाही. बाळंतपणानंतरही असंच होतं, त्या मुली किती घाबरतात!

भांग रुंदावत जाणं किंवा कपाळाच्या कोपऱ्यांतून केस मागे सरकणं हे मात्र वेगळं. त्यात केसांची मुळं हळूहळू बारीक होत जातात, आणि तिथे मिनॉक्सिडिल खरंच उपयोगी पडतं. मूळचं हे रक्तदाबाचं औषध. गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढलेले दिसले, आणि १९८८ मध्ये अमेरिकेत डोक्याला लावायचं २ टक्क्यांचं द्रावण मंजूर झालं.

सुरुवातीचे काही आठवडे गळती वाढू शकते, हे लेखात यायलाच हवं होतं. बरेच जण तिथेच सोडून देतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि बंद केलं की आलेले केस पुन्हा जातात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी लावू नये. घरात मांजर असेल तर फार जपा, तिच्यासाठी हे जीवघेणं विष आहे. उशीच्या अभ्र्यावरचं चाटूनही जीव जाऊ शकतो.