अमेरिकेने कुणाला गुलाम केलं नाही म्हणे. फिलिपिन्सचं काय मग?

परत तो मेसेज फिरतोय. "ब्रिटिशांनी जग लुटलं, पण अमेरिकेने कुणाला गुलाम केलं नाही. फिलिपिन्सला स्पेनच्या तावडीतून सोडवलं, शाळा काढून दिल्या आणि 1946 ला न मागता स्वातंत्र्य देऊन निघून गेले. कुणाची इंचभर जमीन ठेवली नाही." शिकलीसवरली माणसं हे पुढे ढकलतायत, म्हणून लिहितोय.

इंचभर जमिनीचं आधी. 1898 च्या युद्धात स्पेनकडून घेतलेलं पोर्तो रिको आणि ग्वाम आजही अमेरिकेकडेच आहे. पोर्तो रिकोचे लोक 1917 पासून अमेरिकन नागरिक, तरी तिथे राहून राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देता येत नाही.

आता "सोडवलं". फिलिपिनो 1896 लाच स्पेनविरुद्ध उठले होते. 12 जून 1898 ला त्यांचा नेता आगिनाल्दोने स्वातंत्र्य जाहीर केलं, त्याच्या फौजेने मनिलाला वेढा घातलेला, स्पॅनिश आत कोंडलेले. मग 13 ऑगस्टला स्पॅनिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांनी आधीच ठरवून लुटुपुटूची लढाई केली, थोडे तोफगोळे उडवले, पांढरं निशाण वर आणि शहर अमेरिकेच्या ताब्यात, फक्त फिलिपिनो सैनिकांना आत येऊ द्यायचं नाही असं ठरलेलं. म्हणजे महिनोन् महिने वेढा घालून बसलेली माणसंच वेशीबाहेर! डिसेंबरमध्ये पॅरिसचा तह झाला, अमेरिकेने स्पेनला 2 कोटी डॉलर मोजले आणि सगळी बेटं घेतली. फिलिपिनोंचा वकील फेलिपे आगोन्सिलो पॅरिसला गेला होता, त्याला बैठकीत घेतलंसुद्धा नाही.

फेब्रुवारी 1899 ला युद्ध पेटलं. अमेरिकेचे सुमारे 4,200 सैनिक गेले, फिलिपिनो सैनिक 20,000 च्या आसपास आणि उपासमार, रोगराई धरली तर सामान्य माणसं निदान 2 लाख असा अंदाज आहे. बातांगास प्रांतात गावंच्या गावं उठवून ठरवून दिलेल्या हद्दीत कोंबली, आणि हाच प्रकार स्पेनने क्युबात केला तेव्हा अमेरिकन पेपरांनी आकाशपाताळ एक केलं होतं. समार बेटावर जनरल जेकब स्मिथने दहा वर्षांवरच्या सगळ्यांना मारायचा हुकूम दिला. कोर्ट मार्शल झालं, शिक्षा काय तर ताकीद, मग सक्तीची निवृत्ती. हे वाचून माझं तरी रक्त उसळतं.

शाळांचं म्हणणं खरं आहे. 1901 ला थॉमस नावाच्या जहाजातून सुमारे 500 शिक्षक आले आणि त्यातल्या कित्येकांनी मन लावून शिकवलंही असेल. पण त्याच 1901 ला राजद्रोहाचा कायदा आला, शांततेच्या मार्गाने स्वातंत्र्य मागणंसुद्धा गुन्हा. 1907 ला फिलिपिनोंच्या झेंड्यावर बंदी, स्वतःच्या घरावर लोकांना दिसेल असा लावला तरी गुन्हा, आणि ही बंदी 1919 पर्यंत टिकली. इंग्रजांनी रेल्वे दिली म्हणून आपण त्यांचं राज्य माफ करतो का? मग इथे शाळांचा दाखला कसा चालतो?

"न मागता" तर धडधडीत खोटं. 1907 च्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत स्वातंत्र्य मागणारा नासिओनालिस्ता पक्षच जिंकला, 1919 पासून शिष्टमंडळं वॉशिंग्टनच्या वाऱ्या करत होती. 1934 ला स्वातंत्र्याचा कायदा झाला त्यामागे अमेरिकेतल्या साखर आणि दूधवाल्यांचा मोठा जोर होता, फिलिपिन्सचा स्वस्त माल नको आणि मजूरही नकोत. त्याच कायद्याने फिलिपिनोंना अमेरिकेत यायला वर्षाला फक्त 50 जणांचा कोटा दिला.

आणि "निघून गेले"? 1947 च्या करारात लष्करी तळ 99 वर्षांसाठी घेतले, ते बंद व्हायला 1992 उजाडलं. 1946 च्या व्यापार कायद्यात तिथलं चलन पेसो डॉलरला बांधलं, शिवाय तिथल्या खाणी, जंगलं, जमिनी यांवर अमेरिकनांना फिलिपिनोंइतकाच हक्क, त्यासाठी त्यांना आपली राज्यघटना बदलावी लागली. नाही म्हणायची सोयही नव्हती, कारण दुसऱ्या महायुद्धात मनिला बेचिराख झालेलं आणि हा व्यापाराचा करार मान्य होईपर्यंत 500 डॉलरच्या वर नुकसानभरपाई कुणालाही मिळणार नाही हे अमेरिकेने कायद्यातच लिहून ठेवलं होतं.