जास्तीत जास्त ३८ इंच

सगळा दोष त्या कहव्याचा. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही श्रीनगरहून पहलगामला निघालो होतो. वाटेत अनंतनाग जिल्ह्यात संगम नावाचं गाव लागतं. तिथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना बॅटींची दुकानं आणि दुकानांमागे विलोच्या फळ्यांचे उंच मनोरे. पावसाळ्याआधी सरपण रचून ठेवावं तसे, पण वारा खेळावा म्हणून जाळीदार. ड्रायव्हरने कहव्यासाठी गाडी थांबवली. समोर एक कारागीर दोन मुठींचं पातं अंगाकडे ओढत फळी तासत होता. ढलप्या अशा सुटत होत्या, जणू सफरचंद सोलतोय. माझा पेला रिकामा झाला तेव्हा त्या फळीला पाठ, कडा, खांदे सगळं आलं होतं.

कॉमर्सच्या माणसाने यातून हिशेब काढला: एक फळी, एक पातं, एक पेला कहवा. त्या कारागिराची वीस-तीस वर्षं हिशेबात धरायची राहिली. मी ऑडिटमध्ये आहे, हे इथेच सांगून टाकतो.

डोंबिवलीला परतल्यावर लेकीने नव्या बॅटीचा विषय काढला. ती चौदा वर्षांची आहे आणि सीझन बॉलवर खेळते. तिला हवी असलेली इंग्लिश विलोची बॅट माझ्या पहिल्या नोकरीच्या तीन पगारांएवढी होती. मी म्हणालो, "विकत कशाला? मी करतो." घरात शांतता पसरली. मी एकदा मिक्सर दुरुस्त केला होता, त्यानंतर पसरली होती तशीच.

फळी मेरठहून मागवली. हँडल बसवलेली मिळत होती, पण तो प्रकार मला परीक्षेत कॉपी केल्यासारखा वाटला. म्हणून वेताचं हँडल सुटं मागवलं. कुरियरवाला खालून ओरडला, "साहेब, लाकूड आलंय!" चिरा पडू नयेत म्हणून फळीच्या टोकांना मेण लावलेलं होतं. बायकोने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "अहो, याचा पोळपाट नाही का होणार?" फळी, हँडल, दोरा आणि कुरियर मिळून जो खर्च झाला, त्यात एक बऱ्यापैकी तयार काश्मिरी बॅट येऊन चारशे रुपये उरले असते. हे मी कुणाला सांगितलं नाही. पण तीही ऑडिटरची बायको आहे.

सोसायटीच्या तळमजल्यावर मिस्त्रीकाकांचं दुकान आहे. ते मूळचे सिंधुदुर्गातले. डोंबिवलीत पन्नास वर्षं काढली, तरी 'थोडं'ला अजून 'वायच'च म्हणतात. देव्हाऱ्यापासून दिवाणापर्यंत सगळं केलेला माणूस, पण बॅट आयुष्यात एकाच प्रकारची केलेली, लहानपणी माडाच्या झावळीच्या देठाची. "कोयत्याचे चार घाव घातले की झाली," ते म्हणाले. "मोडली की दुसरी. माडाला काय तोटा?" दर रविवारी सकाळी दुकानाचा एक कोपरा, रंधा, पटाशी, कानस आणि शिकंजा मला वापरायला मिळेल असं ठरलं. भाडं नाही, फक्त वायच चहा.

विलो हे लाकूड मऊ. म्हणून कारखान्यात फळीचं तोंड यंत्राच्या रुळाखाली दाबून टणक करतात, नाहीतर पहिल्याच षटकात बॉलचे खड्डे पडायचे. आमच्याकडे रूळ कुठला? "रसवंतीच्या चरकातून काढ," काका म्हणाले. मी हसलो, आणि संध्याकाळी खरोखरच स्टेशनजवळच्या रसवंतीपाशी जाऊन उभा राहिलो. मालकाने आधी फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आलं-लिंबू घालू का?"

शेवटी आईच्या पाट्यावरचा वरवंटा काढला आणि आठवडाभर फळी लाटली. आईने एवढंच विचारलं की वाटण कधी होणार.

खरी परीक्षा सांध्याची. फळीच्या डोक्यात इंग्रजी व्हीसारखी खोल खाच पाडायची आणि हँडलच्या टोकाला तशीच पाचर करायची. दोन्ही इतकं तंतोतंत जमायला हवं की गोंद लावायच्या आधीच हँडल ठोकून बसवावं लागतं. वेताच्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये रबर असं ते हँडल, म्हणजे बॉलचा दणका मनगटापर्यंत पोचू नये. ही योजना ज्याने शोधली त्याला माझा नमस्कार. माझा दणका पटाशीचा होता, तो थेट अंगठ्यावर बसला. खाच पाडायला चार रविवार गेले. पहिल्या रविवारी ती डावीकडे रुंद झाली. दुसऱ्या रविवारी बरोबरीसाठी उजवीकडे रुंद केली. तिसऱ्या रविवारी हँडल त्यात इतकं मोकळं बसलं की फटीतून पलीकडची ट्यूबलाइट दिसत होती. चौथ्या रविवारी काका चहाला गेले तेवढ्यात मी फटीत भुसा आणि फेव्हिकॉलचा लगदा भरला. काकांनी परत येऊन पाहिलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "लग्न लागलंय. पत्रिका काही जुळलेली दिसत नाही."

बॅट एक दिवस शिकंज्यात राहिली, आणि मग तासणं सुरू झालं.

लाकडाला रेघ असते. रेघेच्या दिशेने रंधा मारला की रेशमासारखी साल निघते, उलट मारला तर लचका. मी लचके काढले. एका कडेला लचका आला म्हणून दुसरी कड तेवढीच खाली घेतली. ती जास्त गेली, म्हणून पहिली आणखी घेतली. दोन मांजरं, लोण्याचा गोळा आणि न्याय करणारं माकड ही गोष्ट लहानपणी ऐकली होती, पण त्यातल्या माकडाची बाजू मला आता कळली. ते लबाड नसावंच. त्याला फक्त बरोबरी हवी होती. हिशेबात एखादी रक्कम चुकीच्या खात्यात गेली, तर आम्ही उलट नोंद टाकतो आणि चहा मागवतो. लाकडात उलट नोंद नाही. गेलं ते भुशात गेलं.

वाण्याच्या काट्यावर बॅट पहिल्या रविवारी एक किलो सहाशे ग्रॅम भरली. मी म्हणालो, सचिनही जड बॅट वापरायचा. तिसऱ्या रविवारी एक किलो दीडशे. खरं तर इथे थांबायचं, कारण साधारण बॅट याच्याच आसपास असते. पण तळ तिरका दिसत होता. तो करवतीने सरळ केला. मग तो दुसऱ्या बाजूला तिरका दिसू लागला. पाचव्या रविवारी वाणी म्हणाला, "साहेब, आठशे. पिशवी देऊ?"

त्या रात्री मी क्रिकेटचे नियम काढून बसलो. बॅटीची लांबी जास्तीत जास्त ३८ इंच. रुंदी जास्तीत जास्त सव्वाचार इंच, आणि तीही १७७१ साली व्हाइट नावाचा इसम स्टंपांएवढी रुंद बॅट घेऊन इंग्लंडातल्या हॅम्बल्डन क्लबाविरुद्ध उतरला म्हणून ठरवावी लागली. जाडी ६७ मिलिमीटर आणि कड ४० मिलिमीटर या मर्यादा तर २०१७ साली आल्या. अडीचशे वर्षं जग बॅट मोठी होऊ नये म्हणून झटतंय. कमीत कमी किती, हे कुणी लिहूनच ठेवलेलं नाही. व्हाइटच्या अगदी विरुद्ध टोकाला माझी बॅट होती, एकतीस इंच लांब आणि पावणेचार रुंद. पण कायद्याने स्वच्छ. असा अहवाल मला ऑफिसातही क्वचितच देता येतो.

पुढचं भराभर उरकलं. हँडलला दोरा गुंडाळताना आई रीळ धरून बसली आणि मी बॅट फिरवत राहिलो. मारुतीच्या देवळात घातल्या नसतील इतक्या प्रदक्षिणा झाल्या. रबरी ग्रिप चढेना, तेव्हा लहानपणचा उपाय काढला: सायकलच्या ट्यूबचे तुकडे. पॉलिश पेपर मारला. मग जवसाचं तेल. बायकोला जवसाची चटणी ठाऊक होती. बॅटीलाही जवस लागतो हे ऐकून तिचा लाकडाबद्दलचा आदर वाढला. काकांनी बजावलं होतं, "तेल पातळ लाव, आणि सांध्याकडे अजिबात जाऊ देऊ नको." पण तेल लागलेला विलो असा काही उजळतो की हात थांबत नाही. मी खांद्यांपर्यंत लावलं. मग खांद्यांच्या वायच वरही.

शेवटचा विधी ठोकण्याचा. जुना सीझन बॉल मोज्यात घालून बॅटीचं तोंड आणि कडा तासन्‌तास हलक्या हाताने ठोकायच्या. मी रात्री जेवणानंतर गॅलरीत बसायचो. टक, टक, टक. तिसऱ्या दिवशी वरच्या आजी काठी टेकत खाली आल्या. मला वाटलं, तक्रार. त्या म्हणाल्या, "सुपारी फोडताय ना? मऊ कातरून वर पाठवा थोडी."

उद्घाटन सोसायटीच्या आवारात, टेनिस बॉलवर. लेकीने बॅट हातात घेतली, दोनदा जमिनीवर टेकवली. उंची कमी म्हणून तिला कमरेत वाकावं लागत होतं, पण ती काही बोलली नाही. बॅट तशी उजव्या-डाव्या दोन्ही हातांच्या फलंदाजांना सारखीच असते. माझी नव्हती. तिचं तोंड किंचित लेगकडे वळलेलं होतं, जणू कुणीतरी हाक मारली आहे. पहिला बॉल आला. तिने सरळ बॅटने मारला आणि तो स्क्वेअर लेगला, पार्किंगमधल्या रिक्षेवरून पार गेला. आवाज मात्र असा गोड आला की गॅलऱ्यांमधून माना बाहेर आल्या. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, मिडल झाली!" गेल्या दहा वर्षांत मला इतकं चांगलं कुणी काही म्हटलेलं नाही.

दुसरा बॉल जरा वेगात होता. या वेळी आवाज ओल्या बिस्किटासारखा आला. हँडल तिच्या हातात होतं तिथेच राहिलं आणि पातं त्याच्याभोवती शांतपणे फिरलं. आता बॅटीचं तोंड विकेटकीपरकडे होतं. विकेटकीपर सात वर्षांचा. त्याने बॅटीच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या. "काका, माझ्याकडे प्लॅस्टिकची आहे. आणू?"

मी बॅट घेऊन तळमजल्यावर गेलो. काकांनी सांधा नाकाशी नेऊन हुंगला. जवसाचा वास लपण्यासारखा नसतो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि काही न बोलता पटाशी हातात घेतली.

"बसेल ना पुन्हा?" मी विचारलं.

"बसेल की. आतलं तेल लागलेलं काढायचं, जुना गोंद खरवडायचा. मग आतून दोन्ही बाजूंनी वायच तासावं लागेल."