नाक माझं, हात चौघांचे

चार व्यंगचित्रकार मिळून गवयांची आणि साहित्यिकांची अर्कचित्रं काढणार, म्हणून परवा जळगावात गेलो. मधल्या वेळेत ‘प्रेक्षकांतून कुणीतरी’ हवं होतं. खुर्ची रिकामी दिसली, बसलो.

एकाने नाक घेतलं, दुसऱ्याने केस (त्याचं काम लगेच आटोपलं), तिसऱ्याने हनुवटी, चौथ्याने रंग. तेवढ्यात अमळनेरकडचे एक टोपीवाले आप्पा कागदावर वाकले आणि मला ओलांडून चित्रकाराला विचारते झाले, “हाऊ कोन शे? गवई?”

“नाही.”

“मंग कवी?”

“नाही हो.”

“मंग काढी कसाले राह्यनात?”

मी समोरच बसलेलो. चौघंही थांबले. प्रश्न त्यांना खरंच पटला असावा. आप्पांनी मग भिंतीवरच्या भीमसेनांकडे बोट केलं. तानेसोबत फिरणारे ते हात चित्रात पार चौकटीबाहेर गेलेले. “त्यासना हात लांब करा, बरोबर शे. गानं शे ना तठे. याना नाकमा काय शे?”

काय सांगणार? सर्दी.

बहिणाबाईंना मात्र चौघांनी छान सांभाळलं होतं. चेहऱ्याला हात न लावता फक्त डोक्यावरचा पदर आसोद्याच्या शेतभर पसरवलेला. बालकवींनाही फार ताणलं नव्हतं. धरणगावात जन्मलेला हा माणूस 1918 साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेला, त्याचं आणखी काय ताणणार! म्हणजे कुठे थांबायचं हे यांना कळतं. मग माझ्याच बाबतीत भरताचं वांगं का? तेही बामणोदचं, भरगच्च!

असो म्हणणार होतो, पण मग प्रमुख पाहुणे आले. खुर्ची तीच, मार्कर तेच. पाहुण्यांचं नाक माझ्या नाकाचं थोरलं भावंड शोभावं असं. कागदावर उतरलं ते सरळ, नाजूक, चाफेकळी. दुहेरी हनुवटी तर गायबच. मी नाकवाल्याला हळूच विचारलं.

“हॉलचं भाडं त्यांनी भरलंय ना,” तो खाली बघत म्हणाला.

“तू भी भरतास मंग!” आप्पा. हे अजून गेले नव्हते.

गवयांनी, कवींनी आणि फुकट बसणाऱ्यांनी नाकं ताणून घ्यायची आणि ज्याचं खरंच ताणायला हवं त्याला इस्त्री? हीच कला करायची तर फोटो स्टुडिओ काय वाईट होता?

माझ्या चित्रावर चौघांनीही झोकात सह्या केल्या, एकाने तर थेट गळ्यावर. पाहुण्यांचं चित्र पुढे आलं तेव्हा मात्र मार्कर बराच वेळ या हातातून त्या हातात फिरत होता. “तुम्ही करा.” “छे, छे, तुम्हीच करा.”